चार ओळी

नॅशव्हिलच्या स्टुडिओत बिली शेरिल या निर्मात्याने अमेरिकन कंट्री संगीताचा गायक जॉर्ज जोन्स याच्यापुढे एक गाणं ठेवलं. लिहिलं होतं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी. सोडून गेलेल्या बाईची जुनी पत्रं उशाशी जपत, मरेपर्यंत तिच्यावरच प्रेम करणाऱ्या माणसाची गोष्ट. जोन्सला ते मुळीच पटलं नाही. असलं रडगाणं विकत घेणार कोण?

गाण्यात चार ओळी अशा होत्या की त्या गायच्या नव्हत्या, नुसत्या बोलायच्या होत्या. ती बाई त्याच्या अंत्यविधीला येते, एवढंच. गाडं तिथेच अडलं. दारू पोटात असली तरी जोन्सचा सूर ढळत नसे, पण बोलायला लागला की जीभ अडखळायची. गाताना चाल सांभाळून घेते. बोलताना माणूस एकटाच असतो. पहिलं कडवं आणि त्या चार ओळी यांच्यात दीड वर्ष गेलं, असं त्यानेच पुढे सांगितलं. शेरिल मात्र थांबून राहिला.

१९८० च्या एप्रिलमध्ये ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ची रेकॉर्ड निघाली आणि जुलैत कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. बुडत चाललेला गायक वर आला.

दारू काही सुटली नाही. १९८३ मध्ये जोन्सने नॅन्सीशी लग्न केलं, त्याचं हे चौथं. लोक गाण्यातल्या त्या माणसासाठी डोळे पुसतात, मीही पुसले आहेत. पण माझा जीव नॅन्सीपाशी अडकतो. दूर गेलेल्या माणसाची पत्रं जपता येतात. रात्री झिंगत घरी येणाऱ्याचं काय करायचं? ती निघून गेली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता. ती राहिली. १९९९ च्या मार्चमध्ये जोन्सची गाडी पुलावर आदळली. तो मरता मरता वाचला, आणि मग दारू सुटली ती कायमची. पुढची चौदा वर्षं दोघांना शुद्धीतली मिळाली.

२०१३ च्या मे महिन्यात, जोन्सच्या अंत्यविधीला, नॅशव्हिलच्याच ग्रँड ओल ऑप्री या संगीतगृहाच्या मंचावर गायक ॲलन जॅक्सनने तेच गाणं म्हटलं. ती बाई येते, त्या चार ओळी आल्या. समोर नॅन्सी बसली होती. तिला कुठून यायचं नव्हतं. गाणं संपलं तेव्हा जॅक्सनने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली.