शांतिसेनेतले अण्णा

ग्रामपंचायतीच्या ‘शौर्यफलका’वर आमच्या वडिलांचं, अण्णांचं नाव घालायचं ठरलं आणि घरात वाद पेटला.

‘‘तिथे नको,’’ ताई म्हणाली. ‘‘अण्णा भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला आणि ऑक्टोबरात, ज्या तमिळांना सांभाळायला गेलो, त्यांच्याच जाफन्यातल्या गल्ल्यांत आपले रणगाडे.’’

‘‘लिट्टेच्या बंडखोरांनी शस्त्रं ठेवली असती तर गेले असते का? शिवाय हुकूम दिल्लीचा होता,’’ दादा म्हणाला.

‘‘मग शौर्यही दिल्लीचंच म्हण. दोष हुकमाचा आणि पदक माणसाचं, ही कसली वाटणी?’’

‘‘कारगिलवालेही हुकमानंच गेले की!’’

दादाचा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण कारगिलला समोर शत्रूचे मोर्चे होते, जाफन्यात लोकांची घरं. मी धाकटा, गप्प बसलो.

‘‘२१ ऑक्टोबरला जाफन्याच्या इस्पितळात रुग्ण, डॉक्टर, नर्सेस मारले गेले,’’ ताई म्हणाली. ‘‘सैन्य म्हणालं, चकमकीत सापडले. वाचलेले म्हणाले, गोळ्या घातल्या. अण्णा त्या दिवशी कुठे होते?’’

‘‘ते कधी बोलले नाहीत.’’

‘‘आपण विचारलं नाही.’’

‘‘विचारलं कुणी? मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत. ११०० हून अधिक जवान गेले आणि देशानं विषय बदलला. कोलंबोजवळ स्मारक बांधलं ते श्रीलंकेनं. मग अण्णांनीच तेवढं का बोलावं?’’

ताई जरा नरमली. तिला आठवलं, पेन्शनीत निघाल्यावर अण्णा बँकेत बंदूकधारी रखवालदार होते. रोज सकाळी पाच काडतुसं मोजायची आणि वहीत सही करायची. एकदा मॅनेजर घाईत म्हणाले, ‘‘आज राहू द्या.’’ काडतुसं मोजून होईपर्यंत अण्णांनी बंदूक हातात घेतली नाही.

‘‘हिशेबाचा इतका पक्का माणूस तिथला हिशेब विसरला असेल?’’ ती म्हणाली. ‘‘सांगलीचे हवालदारकाका त्यांच्याच पलटणीतले. त्यांना विचारू.’’

‘‘आणि भलतंच काही निघालं तर? अण्णा उत्तर द्यायला नाहीत. एकतर्फी खटला चालवायचा?’’

‘‘फलक तरी दोन्ही बाजू ऐकून रंगवतायत का? त्या नर्सेसनाही पोरं असतील, दादा. त्यांच्या वतीनं या घरात कोण बोलणार?’’

‘‘मी अण्णांचा मुलगा आहे. मी त्यांच्याच बाजूनं बोलणार.’’

‘‘बोल की. पण सांगलीला जाऊन आल्यावर बोल.’’