हिरव्या वाटेवरील मौन

मौन हा पुष्कळदां सद्गुण मानला जातो. परंतु मौनालाही असत्य बोलतां येतें, हें विमानतळावरील जकातीच्या दाराशीं जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच. परदेशाहून आलेल्या उतारूपुढें तेथें दोन वाटा असतात: जकातपात्र जिन्नस जवळ असतील त्यानें तांबडी धरावी, नसतील त्यानें हिरवी. सामानाचें निवेदन करण्याचा भार 1962 च्या कायद्यानें उतारूवरच टाकला आहे. तेव्हां हिरव्या वाटेवर टाकलेलें पाऊल हीच साक्ष होय. तोंड मात्र उघडावें लागत नाहीं.

ज्यांनीं जन्मांत कोणाचा पैसा बुडविला नाहीं, अशीं सुशिक्षित कुटुंबेंही येथें सोन्याची नवी साखळी पदराखालीं सारतात आणि घरीं येऊन तो प्रसंग कौतुकानें सांगतात. असें कां व्हावें? कारण, ज्याचें नुकसान होतें त्याचें मुख येथें दिसत नाहीं. शेजारी उद्यां दारांत भेटेल. सरकार कोठें भेटणार? परंतु इतवारींतील जो सराफ रीतसर जकात भरलेलें सोनें विकतो, त्याला मुख आहे आणि संसारही आहे.

दुसरा बचाव घाईचा. परदेशाहून मुंबईस उतरून नागपुरास येणाऱ्यानें सामान तेथेंच ताब्यांत घ्यावयाचें, जकातींतून न्यावयाचें, आणि मग पुढचें विमान गांठावयाचें. मिनिटें मोजकीं असतात, हें खरें. पण हा वेग मुळांत कशावर उभा आहे? 1949 सालीं रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. थैलीवरची चिठ्ठी खरी आहे, या भरंवशावरच असें काम चालतें. प्रत्येक थैली उघडून पाहावयाची ठरली असती, तर पहांटेपूर्वीं एकही विमान परतलें नसतें. हिरवी वाट हा असाच भरंवसा आहे. जो तिचा गैरफायदा घेतो, तो आपली घाई भागवून मागच्या प्रामाणिक उतारूची पेटी उघडावयास लावतो.

कोणी म्हणेल, जकातच अवाजवी आहे, आणि मोठे चोर तर सुटतातच. अवाजवी करास विरोध अवश्य करावा, पण तो उघडपणें. कौटिल्यानें विवाह, यज्ञ, प्रसूति इत्यादि कारणांसाठीं नेलेल्या वस्तूंस शुल्क माफ केलें. मात्र या सवलतीच्या आड खोटें बोलणाऱ्यास चोराचा दंड सांगितला. सवलत जितकी उदार, तितकें तिच्या आडचें असत्य हीन, हा त्यांतला विवेक आजही सोडण्याजोगा नाहीं.

आणि मोठ्या चोरांचें काय? त्यांच्या पापानें आपली साखळी निर्दोष ठरत नाहीं. त्या वाटेनें आईचा हात धरून चालणाऱ्या मुलास कायद्याचें कलम ठाऊक नसतें. आईनें पदर कां ओढला, एवढें मात्र तें न विचारतां शिकतें.