नव्या बेगोनियाची पैदास

बेगोनियाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फूल ओळखायला सोपे: पाकळ्यांच्या मागे तीन पंखांचा अंडाशय दिसतो. संकर करायचा तर एका जातीच्या नर फुलाचे पराग दुसरीच्या मादी फुलाच्या पिवळ्या, पिळदार कुक्षीवर टेकवायचे, एवढेच. खरी कसोटी पुढे. बी धुळीइतके बारीक. ते मातीआड न करता ओलसर पृष्ठभागावर भुरभुरतात, कारण रुजायला उजेड लागतो. आईबाप आधीच संकरित असतील, तर एकाच फळातली रोपेही एकसारखी निघत नाहीत. बहुतेक टाकूनच द्यावी लागतात; इथे जीव गुंतवून चालत नाही.

फ्रान्समधील नान्सी येथे व्हिक्टर लम्वान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोकोत्रा बेटावरची, हिवाळ्यात फुलणारी बेगोनिया आणि दक्षिण आफ्रिकेतली ड्रेगेई यांचा संकर केला. ऐन थंडीत गुलाबी फुलांनी लगडणारी ‘ग्लुआर द लोरेन’ त्यातूनच मिळाली. ती जवळपास वांझ होती. तरी अडले नाही. बेगोनिया छाट कलमाने सहज वाढते, आणि कलमाचे रोप सहसा मूळ झाडासारखेच निघते.