आधी शिमगा, मग पाडवा

वसंताची जी वर्णनं आपण शाळेत पाठ केली, त्यातली निम्मी आपल्या मुलखाची नव्हती. बर्फ वितळतं, मातीतून कोंब डोकावतो, दूरदेशी गेलेले पक्षी परततात, हे सगळं दुसऱ्या अक्षांशावरचं. पनवेलजवळच्या रोडपालीत माघ सरता सरता रान उघडं पडू लागतं. कर्नाळ्याच्या अंगाला पळस आणि पांगारा फुलतात ते जवळजवळ सगळी पानं झाडून. खाडीत हिवाळा काढायला आलेले पाहुणे पक्षी उलट निघायच्या तयारीला लागतात. विहिरी खोल जातात, दुपार अंगावर येते. अशा ऋतूला ऋतुराज म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंत महिन्यांत मार्गशीर्ष आणि ऋतूंत वसंत अशी दोन नावं एका दमात घेतात. मार्गशीर्षाचं कारण कुणालाही कळेल. भात कापून झालेलं असतं, घरात धान्य आलेलं असतं. पण कोकणातल्या भातशेतकऱ्याला वसंत काय देतो? पीक नाही, पेरणी नाही. त्याच्या हाती असतो तो राब.

राब भाजताना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात जिथे रोपं करायची, त्या तुकड्यावर शेण, रानातून तोडून आणलेलं कवळ, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे. वरून मातीचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे आग भडकत नाही, दबून जळते. वारा पडला की पेटवायचं. तणाचं बी मरतं, राख राहते, जमीन भुसभुशीत होते आणि मग मृगापर्यंत काहीही करायचं नसतं. काळा पडलेला तो तुकडा तसाच उन्हात तापत पडलेला असतो. शेतकी खात्याच्या जाणकारांनी राबावर पुष्कळ टीका केली आणि जंगलतोडीपुरती ती रास्तही होती. पण वसंताचा आपल्याकडचा अर्थ मला कुठल्याही पुराणापेक्षा राबाने जास्त नीट सांगितला. हा जुनं जाळून जागा मोकळी करण्याचा ऋतू आहे. उगवायचं ते पुढे, पावसात.

होळीही नेमकी याच दिवसांत येते. ढुंढा राक्षसीची कथा, मदनदहनाची कथा, होलिकेची कथा, ज्याला जी पटेल ती घ्यावी. आगरी-कोळी गावांतली होळी पाहिली की कथा मागे पडतात. मधोमध झाडाचं उंच खोड, शेंड्याला पताका, बुंध्याशी पेंढा आणि गोवऱ्या. बायका ओवाळतात, पुरणपोळीचा नैवेद्य पडतो, नवी जोडपी फेरे घालतात. गाण्यांत तिला हावलूबाय म्हणून हाक मारतात, म्हणजे जाळायची तीही घरचीच कुणी बाई. मग बोंब. खोड कोणत्या दिशेला कलतं यावर म्हाताऱ्यांचे डोळे लागलेले असतात, पोरांचे आगीतल्या नारळावर. दुसऱ्या दिवशी निखाऱ्यांवर पाणी तापवून लेकरांना आंघोळ घालायची आणि राख कपाळाला लावायची रीत आहे.

बोंब मारण्याला सुशिक्षितांनी फार नाकं मुरडली. वर्षभर ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्याच शेजारी उभं राहून, चारचौघांत, मनातलं ओकून टाकायची ही सोय होती. कीर्तनाने मन निवळत असेल, पण त्याआधी ते रिकामं व्हावं लागतं. शिमगा गेला तरी कवित्व उरतं, असं आपण म्हणतो खरं. पण शिमगाच केला नाही तर कवित्वाखेरीज काही उरतच नाही, हेही तितकंच खरं.

आपल्या पंचांगात फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना. होळी पौर्णिमेला, पाडवा त्यानंतरच्या अमावास्येपलीकडे. मधल्या वद्य पक्षात धुळवड-रंगपंचमी सोडली तर घरोघरी करायचा मोठा सण असा नाही. आधी सगळ्यांनी मिळून मोकळ्यावर जाळायचं, पंधरवडाभर थांबायचं, मग ज्याने त्याने आपल्या दाराशी गुढी उभारायची आणि पहिला घास कडुनिंबाचा घ्यायचा. माझ्या मते वसंताचं सगळं अध्यात्म या क्रमात आहे. शेवट सार्वजनिक, आरंभ घरगुती.

रोडपालीच्या सेक्टरांत हा क्रम मोडलेला दिसतो. गावठाणाभोवती कळंबोलीच्या वसाहती उभ्या आहेत, पलीकडे लोखंड बाजार, महामार्गावर ट्रक-कंटेनरची रांग. पाडव्याला इमारतींवर गच्च गुढ्या असतात. शोभायात्रा निघतात, फेटे, नऊवारी, ढोल, मोटारसायकली. हौस दांडगी. होळी मात्र सोसायटीच्या फाटकाशी पत्र्यावर, शेजारी पाण्याची बादली आणि वॉचमन. अर्ध्या तासात उरकते, कारण फरशी काळी पडते. आरंभाची हौस आहे, शेवटाला मात्र जागा नाही. जुनं वैर, जुनी देणीघेणी, वर्षभर साठलेला कडवटपणा लिफ्टमधून आपल्याबरोबरच वर येतो आणि नव्या वर्षात राहायला लागतो.

शेवट न करण्याची सवय या पट्ट्याला आणखी एका बाजूने लागली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्या वर्षी होळी आठवड्यावर आली होती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर जासई भागात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, तिचीही भांडणं वर्षानुवर्षं चालली. शेत गेलं, त्याचा मोबदला ठरला, निरोप घ्यायचा मात्र राहून गेला. राब भाजायला जागा उरली नाही, तरी गावाने होळी सोडली नाही. याला नुसती परंपरेची सवय म्हणणं मला पटत नाही. जाळण्याजोगं पुष्कळ बाकी होतं.

गावच्या होळीवरचे आक्षेप खरे आहेत. वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि शहरात उभं झाड विनापरवाना तोडणं गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समिती होळी लहान करून पोळी दान करायला सांगते, तेही योग्यच. दारू पिऊन अंगचटीला येणाऱ्यांनी अनेक मुलींना हा सण नकोसा करून टाकलाय, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून एक सरळ सुचवणं आहे. सोसायट्यांनी पत्र्यावरच्या होळ्या बंद कराव्यात आणि नारळ, पोळी, चार गोवऱ्या घेऊन गावच्या होळीला जावं. साताऱ्या-सांगलीकडचे, मराठवाड्यातले, उत्तरेतले, सगळेच. लाकूड वाचेल, धूर एकदाच होईल. गावाला हे लगेच रुचेल असं नाही. आमच्या जमिनीवर राहता, आता आमच्या देवावरही हक्क का, असं कुणी म्हणेल, आणि ते शिमग्याच्या दिवशीच म्हणावं. सोसायटीवालेही आवाजाची तक्रार करतील. बोंबेतून बायकांवरच्या शिव्या वगळायच्या हे गावाला कबूल करावं लागेल. बोलणी आदल्या दिवाळीच्या फराळावर सुरू करायला हरकत नाही.