सापडलेल्या कागदाचे ऋण

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसरला येते, बेलवडीला गोल रिंगण होते, आणि अंथुर्ण्यावरून पुढे ती निमगाव केतकीत मुक्कामाला उतरते, त्यानंतर इंदापूर. पानमळ्यांच्या या गावात त्या रात्री जे अभंग म्हटले जातात ते एकदा इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांतले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. हरवलेला लेख आणि तो पुन्हा हाती येणे ही आपल्याकडे धर्मकथेची जुनी बैठक. आता हाच प्रकार व्हिडिओ गेममध्ये करमणूक म्हणून रुळला आहे. ओसाड बेट, पडका किल्ला, रिकामे घर. खेळणारा फिरतो, कोपरे धुंडाळतो आणि कुणाची तरी डायरी, पत्र, फाटका नकाशा त्याच्या हाती लागतो. या कागदांवाचूनही खेळ बहुतेक वेळा पूर्ण होतो, तरी माणसे तासन् तास ते शोधतात. या ओढीला पोरखेळ म्हणून झटकता येत नाही, कारण तिच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे: लपलेला लेख सापडला की सापडणाऱ्याचे त्याच्याशी नाते काय लागते? तो त्याचा मालक होतो, की देणेकरी? माझे म्हणणे असे, की खेळ त्याला मालक करतो, आपल्या परंपरा त्याला देणेकरी करतात, आणि लेखाला पावित्र्य येते ते या देण्यामुळे. तो किती खोल लपला होता याचा त्या पावित्र्याशी संबंध नाही.

आधी खेळाची रीत पाहू. २०१३च्या ‘टूम रेडर’मध्ये नायिका लारा क्रॉफ्टला बेटावर विखुरलेले कागद सापडतात आणि प्रत्येक भागातले किती टक्के हाती आले याचा हिशेब पडद्यावर दिसतो. २०१५च्या पुढच्या खेळात तर भिंतीवरची चित्रे आणि लेख न्याहाळले की ग्रीक, मंगोलियन, रशियन भाषांतली तिची पातळी आपोआप चढते. मोडीची बाराखडी गिरवताना घाम गाळलेल्या कुणालाही याचा हेवा वाटेल. पण मला महत्त्वाचा वाटतो तो टक्क्यांचा आकडा. ‘चाळीसपैकी सदतीस’ असे म्हणता येते, कारण चाळीस कागद कुणीतरी मोजून ठेवले आहेत. ठेवणारा आहे, त्याने ते शोधणाऱ्यासाठीच ठेवले आहेत, आणि त्यातला एकही निरर्थक नाही, ही खात्री खेळणाऱ्याला पहिल्या क्षणापासून असते. ही खात्री आस्तिकाची आहे. ‘न्यायकुसुमांजली’त उदयनाचार्य जगाच्या रचनेवरून कर्त्याचे अनुमान करतात, खेळणाऱ्याला तेवढाही खटाटोप पडत नाही, कर्त्याचे नाव खेळाच्या शेवटी श्रेयनामावलीत येते. माझ्या मते माणसे त्या कागदांत माहिती फारशी शोधत नाहीत. आपण इथे येणार हे कुणालातरी ठाऊक होते, हा दिलासा त्यांना हवा असतो. तो हवा वाटण्यात काही गैर नाही. फक्त तो इथे फार स्वस्तात मिळतो.

लेखाचे मोल त्याच्या ठेवणाऱ्यावर अवलंबून असते का, हा वाद आपल्या दर्शनांत फार पूर्वी होऊन गेला आहे. नैयायिकांनी वेदाला कर्ता मानला, ईश्वर. मीमांसकांनी तो नाकारला. वेद अपौरुषेय, त्याला लिहिणारा नाही, ठेवणाराही नाही. तरी तो बंधनकारक, कारण तो काही करायला सांगतो. वेदवाक्याचा गाभा विधी, बाकीचे वर्णन त्या विधीला पुरवणी, अशी त्यांची मांडणी. वेदाच्या अपौरुषेयतेवर आज विश्वास ठेवण्याची गरज नाही, पण या मांडणीतली एक गोष्ट मला पटते: पवित्र लेख ओळखायचा तो वाचणाऱ्यावर काय टाकतो यावरून. धर्मशास्त्राने याच जाणिवेला ऋषिऋण म्हटले. देवांचे देणे यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे अध्ययनाने फिटते. ज्ञान आयते हाती आले, म्हणून ते शिकणे आणि पुढे देणे भाग. खेळातल्या कागदावर असे काही लिहिलेले नसते. तो उचलला, यादीत जमा झाला, संपले.

महाराष्ट्रात खरोखर लपवलेल्या ग्रंथांचे सर्वांत मोठे उदाहरण महानुभाव पंथाचे. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ती मूळ पोथी धामधुमीत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथ सांगतो. वेगवेगळे पाठ त्यातूनच निघाले, आणि त्यांतला एक तर हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत नेले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. कोडे म्हणून ती अवघड नाही, पण किल्ली नसलेल्याला सारी पोथी मुकी. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ती किल्ली उलगडली, वि. ल. भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९च्या आवृत्तीत हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले, आणि मराठी गद्याचा इतिहासच मागे सरकला. गेमच्या भाषेत सांगायचे तर यापेक्षा मोठा ‘सीक्रेट’ मराठीत कुणाला सापडलेला नाही. पण हिशेब नीट मांडायला हवा. लिपीच्या कुलपाने ग्रंथ राखला असे म्हणणे अर्धेच खरे. मूळ पोथी गेल्यावर ग्रंथ वाचला तो पाठ असलेल्या माणसांमुळे, आणि कुलपाआड शतकानुशतके तो जिवंत राहिला तो नकला करणाऱ्या हातांमुळे. कुलपाने मात्र तोटा केला. चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराजांना अडवले होते, कारण त्याने साधी बायामाणसे ज्ञानाला मुकली असती; त्याच पंथाने पुढे मराठीलाच कडी घातली. बाहेरच्या जगाला आत काय आहे ते कळेना, तेव्हा त्याने तर्ककुतर्क केले, आणि पंथाला त्याची झळ सोसावी लागली. आक्रमणाची आणि विटंबनेची भीती खरी असेलही. तरी लपवण्याचा निर्णय मला चुकीचाच वाटतो.

तुकोबांच्या बाबतीत गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथे लेख लपवला नव्हता, दडपला होता. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी शूद्राला वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही असा आक्षेप घेतला, वह्या पाण्यात गेल्या, आणि तेरा दिवसांच्या उपोषणानंतर त्या कोरड्या वर आल्या, ही परंपरेची कथा. चिकित्सकांनी तिचा अर्थ असा लावला आहे, की लोकांना अभंग पाठ होते आणि ते त्यांच्या तोंडून पुन्हा वर आले. दोन्ही अर्थ मानणाऱ्यांमध्ये भांडण लावण्याचे मला कारण दिसत नाही. दोन्हीत वही तरली ती कुणीतरी तिच्यासाठी काही सोसले म्हणून. पुढचा इतिहास तर कागदोपत्री आहे. संताजी जगनाडे या तेली समाजातल्या शिष्याच्या हातची वही पिढ्यान् पिढ्या जपली गेली आणि तिच्यावरून भाव्यांनी तेराशेच्या आसपास अभंगांची ‘अस्सल गाथा’ छापली. त्याआधी १८६९मध्ये मुंबई सरकारने २४ हजार रुपये देऊन देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांच्याकडून गाथा सिद्ध करवली. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. दोन आकड्यांतल्या या अंतराने अभ्यासक अस्वस्थ होतात, आणि ते योग्यच आहे. टक्क्यांचा हिशेब इथे कधीच पूर्ण होणार नाही, कारण एकूण किती हे मोजून ठेवणारा कुणी नाही. निमगाव केतकीच्या पानमळ्यात दरवर्षी वेलीची उतरण करतात: शेवरीवर उंच गेलेला वेल उतरवून मातीत पुरतात, पुरलेल्या पेऱ्यांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा चढतो. उतरण चुकली की पान बारीक होते. गाथेचे तसेच आहे. १६८५मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखी सुरू केली. तेव्हापासून ही उतरण सहसा चुकलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येणार तो असा, की ऋषिऋणाची भाषा मुळात बहिष्काराची आहे. अध्ययनाचे देणे त्यालाच, ज्याला अध्ययनाचा अधिकार. स्त्रीशूद्रांना ना हक्क ना ऋण. खेळ मात्र जात, लिंग, गाव काही विचारत नाही. जो कोपऱ्यात बघेल त्याला कागद मिळतो. आक्षेप खरा आहे आणि त्यातले सत्य मला झाकायचे नाही. पण ज्यांना अधिकार नाकारला त्यांनी काय केले ते पाहा. तुकोबांनी, संताजींनी, हिराइसेने ऋण नाकारले नाही, उलट न मागता अंगावर घेतले आणि फेडले. देणे ही सवर्णांची मिरास ठरवणारी व्यवस्था अन्यायी होती. देणे ही कल्पना तिच्याबरोबर मोडीत काढली तर नुकसान या लोकांच्याच वारशाचे होईल. आणि खेळाची समता खरी असली तरी ती गिऱ्हाइकाची समता आहे. सर्वांना सारखेच मिळते, कुणाकडूनच काही मागितले जात नाही.

दुसरा आक्षेप: खेळ तो खेळ, त्याच्यावर एवढे ओझे कशाला? शिवाय सगळे खेळ सारखे नसतात. हे मी मान्य करतो, आणि एका खेळापुढे तर माझे विधान थोडे मागे घ्यावे लागते. २०१९च्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये खेळणारा एका छोट्या सूर्यमालेत फिरतो, दर बावीस मिनिटांनी काळ पुन्हा आरंभी येतो, आणि नामशेष झालेल्या नोमाई लोकांनी भिंतींवर लिहून ठेवलेला संवाद त्याला वाचावा लागतो. इथे नाणी नाहीत, शस्त्रे नाहीत. वाचून जे समजले तेवढेच एका फेरीतून पुढच्या फेरीत बरोबर येते. नोमाईंनी जे काम अपुरे सोडले ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणजे वाचणारा त्यांचा वारस होतो. शेवट सांगत नाही, ज्यांना खेळायचे असेल त्यांचा रस जाईल. पण हा खेळ मनात राहतो तो त्यातले लेख काहीतरी मागतात म्हणून, टक्के मोजतात म्हणून नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये काढलेल्या ‘राजी’त भित्तिचित्रांपाशी थांबले की दुर्गा आणि विष्णू यांच्या आवाजात पुराणकथा ऐकू येतात. प्रयत्न देखणा आहे, आपल्या मातीतला आहे. तरी तिथे खेळणारा श्रोताच राहतो. वाचणाऱ्याकडून काही मागता येते हे ‘आउटर वाइल्ड्स’ने दाखवले असताना बाकीच्यांना ‘खेळ तो खेळ’ म्हणून सूट देणे मला जमत नाही.

तिसरा आक्षेप घरातला आहे आणि सर्वांत बोचरा. देणे मानणारा समाज ते फेडतो कुठे? पोथी लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवतो, दसऱ्याला फूल वाहतो, उघडत नाही. उलट गेम खेळणारे पोर निदान सापडलेला कागद एकदा वाचते तरी. हे उत्तर देण्याजोगे नाही, कबूल करण्याजोगे आहे. मीमांसकांतही हा प्रश्न निघाला होता: स्वाध्यायाचा विधी अक्षरे पाठ केली की पुरा झाला, की अर्थ कळेपर्यंत तो सुटत नाही? कुमारिल भट्टाच्या परंपरेने अर्थज्ञानापर्यंत तो ओढला. त्या मोजमापाने फडक्यातली पोथी थकबाकीच आहे. २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरे उघडली, आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरायची वेळ आली. कागद हक्कासाठी शोधणे यात काही कमीपणा नाही, वतनाचे महजर आणि निवाडपत्रे त्यासाठीच तर लिहिली गेली होती. पण हक्काची गरज पडेपर्यंत ती लिपी वाचणारा तयार करावा असे कुणाला वाटले नाही, हा त्या शोधाचा आपल्यावरचा निकाल आहे.

इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीतला. या मुलखात जिथे जुने पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे आहेत तिथे माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, निघू शकतात. ते कुणी मोजून ठेवलेले नाहीत, कुणासाठी ठेवलेले नाहीत, आणि वाळवीला त्यांतले महत्त्वाचे कोणते हे कळत नाही. राजवाड्यांनी असेच रुमाल घरोघर मागून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८पासून बावीस खंडांत छापली आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. मंडळ आजही आहे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. घरात असा रुमाल असेल तर तो आधी कोरड्या जागी हलवा, फोनवर त्याची छायाचित्रे घ्या, मंडळाला कळवा. आणि घरातले जे पोर रात्री जागून खेळातले कागद गोळा करते त्याला मोडीच्या वर्गाला घाला. शोधायची चिकाटी त्याच्याकडे आधीच आहे.