गलाईवाला आणि त्याचा भाचा

कलकत्त्यातल्या खिदिरपुरात एक गलाईवाला होता. मूळचा विट्याकडचा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा घेऊन देशभर पांगली. कुठल्याही शहराच्या सराफ्यात शिरा आणि भट्टीपाशी बसलेल्याला गाव विचारा, बऱ्याचदा सांगली जिल्ह्यातलंच निघतं. मराठ्यांच्या धास्तीने ज्या कलकत्त्याने १७४२ साली खंदक खणायला घेतला, त्याच कलकत्त्यात लोक आता आपलं सोनं मराठी माणसाच्या हातात देऊन समोर चहा पीत बसतात.

गलाईवाल्याच्या पाटीवर नावाखाली एवढंच लिहिलेलं होतं: ‘ट्राम डेपोसमोर’. पूर्वी तेवढं पुरायचं. कलकत्त्यातली पहिली विजेची ट्राम १९०२ साली धावली ती एस्प्लनेड ते खिदिरपूर, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं इथे येणाऱ्या-जाणाऱ्याला डेपो ठाऊक नाही असं झालं नाही. २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळाने तारा तुटल्या, गाडी बंद पडली. पाटी तशीच राहिली.

हळूहळू दुकानात नवी माणसं येईनाशी झाली. जुने कारागीर यायचे, पण त्यांची पोरं मोबाईलच्या दुकानांत लागलेली. रस्त्यावरून जाणारा माणूस पाटीकडे बघत नव्हता, हातातल्या फोनकडे बघत होता. गलाईवाला म्हणायचा, “आपलं काम चोख आहे, आपल्याला काय सांगत फिरायची गरज?” हे ऐकायला बरं वाटतं. पण चोख काम कुठे होतं हेच कुणाला कळत नसेल, तर त्या चोखपणाचं करायचं काय?

मग गावाहून भाचा आला. बी.कॉम. झालेला, हाताला काम नाही, पण फोन हातातून सुटत नाही असा. त्याने आठवडाभरात ओळखलं की गूगलच्या नकाशावर मामाचं दुकानच नाही. “मामा, तुम्ही या खिदिरपुरात नाहीच आहात,” तो म्हणाला, आणि कामाला लागला.

पण लागला तो उतावीळपणे. दुकानाचं पाटीवरचं नाव होतं तीन शब्दांचं. भाच्याने त्याला शेपूट जोडलं: ‘खिदिरपूर नंबर एक, जुने सोने रोख खरेदी, फॅन्सी मार्केटजवळ’. इंग्रजीत या वस्तीचं नाव लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, त्याने सगळ्या तऱ्हा त्यातच कोंबल्या. वेळ टाकली चोवीस तास. एकबालपूर आणि मोमिनपूर इथे एकेक खोटी शाखा उघडली, तीही फक्त नकाशावर. शेवटी गावाकडच्या मित्रांना निरोप गेला आणि ज्यांनी हुगळी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यांनी खिदिरपूरच्या दुकानाला पाच-पाच तारे देऊन टाकले.

फोन वाजायला लागले. भाचा खूश.

एके रात्री साडेदहाला मोमिनपूरची एक बाई हातातली बांगडी रुमालात बांधून आधी तिथल्या शाखेच्या पत्त्यावर गेली. तिथे पंक्चरचं दुकान. मग रिक्षा करून खिदिरपूरला आली, तर शटर खाली. घरात कुणीतरी इस्पितळात असणार, उगाच कोण रात्री बांगडी घेऊन बाहेर पडतं? तिने एक तारा दिला आणि बंगालीत दोन ओळी लिहिल्या. त्या ओळी भाच्याने कारागिराकडून वाचून घेतल्या आणि मामाला सांगितल्याच नाहीत.

महिना उलटला आणि एका सकाळी दुकान नकाशावरून गायब. गूगलचा नियम साधा आहे: पाटीवर जे नाव, तेच नकाशावर. जिथे माणूस बसत नाही तिथे शाखा दाखवायची नाही, पैसे देऊन किंवा भिडेखातर तारे गोळा करायचे नाहीत. कुणीतरी तक्रार केली असेल, नाहीतर यंत्रालाच शंका आली असेल. प्रोफाइल निलंबित.

भाच्याने सगळं कबूल केलं. मामाने एकच विचारलं, “त्या बाईचा नंबर आहे का?” नव्हता. मग म्हणाला, “बस हितं.”

त्या दिवशी एका कारागिराची आटणी आली होती: तुटलेल्या साखळ्या, कानातल्यांचे मळसूत्र, पुसटलेली अंगठी. मामाने ते मुशीत घालून वितळवलं. मग त्यात चांदी टाकली, एकूण वजनात सोनं साधारण पाव हिस्सा राहील एवढी. भाचा म्हणाला, “शुद्ध करायचंय आणि तुम्ही आणखी मिसळताय?” मामा बोलला नाही. रस पाण्यात ओतला, त्याचे दाणे पडले. दाणे तेजाबात उकळायला ठेवले. लालसर धूर वर चढला, दोघेही मागे सरले. चांदी, तांबं, जोडकामातलं हीण, सगळं तेजाबात विरघळून गेलं आणि तळाला तपकिरी चिखलासारखी भुकटी उरली. पिवळेपणाचा मागमूस नाही. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत तापवली तेव्हा कुठे लगड झाली. तराजूवर ठेवली. आलेल्या मालापेक्षा बरीच कमी.

“हीण घातलं की वजन वाढतं,” मामा म्हणाला. “पण टंच काढणारा कुणीतरी भेटतोच. तुझं वजन वाढलं होतं रं, टंच उतरला.”

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने बाहेर बोट केलं. “मामा, रागावू नका. पण तुमच्या पाटीवर जी ट्राम आहे, ती कुठाय?”

मामा उठून बाहेर गेला. वर बघितलं. तीस वर्षांत त्याने ती पाटी बहुधा वाचलीच नव्हती.

मग दोघांनी मिळून काम केलं आणि ते कंटाळवाणं होतं. पाटी नवी झाली: नाव तेच, खाली रस्ता आणि पिनकोड, ७०००२३. खोट्या शाखा पुसल्या. अपील केलं, त्याला दुकानाचं लायसन्स जोडलं. गूगलने व्हिडिओ मागितला तेव्हा भाच्याने रस्त्यापासून सुरुवात केली, शेजारची दुकानं, पाटी, मग मामा किल्लीने शटर उघडतोय, आत भट्टी, काटा. वेळ लिहिली सकाळी अकरा ते रात्री आठ. ईदला आणि दुर्गापूजेत दुकान बंद असतं त्या तारखा आधीच भरल्या. फोन नंबर दिला तो मामा खरोखर उचलतो तो. गावाकडच्या मित्रांना सांगून तारे काढायला लावले. हे काम सगळ्यात अवघड गेलं, कारण निम्म्यांना आपण काय लिहिलं होतं तेच आठवेना.

नकाशावर कोण वर दिसणार, हे गूगलच्या म्हणण्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतं: माणूस शोधतोय ते तुमच्याकडे आहे का, तो तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती आहे. पैसे भरून या यादीत वर सरकता येत नाही. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते. अंतर तर मामाच्या हातात नव्हतंच. काय करतो ते नीट लिहिणं आणि नाव कमावणं, एवढंच उरलं.

प्रोफाइल परत आलं. त्या एक ताऱ्याखाली मामाने बंगालीत उत्तर लिहवून घेतलं: वेळ आणि पत्ता आम्ही चुकीचा लिहिला होता, तुम्हाला रात्री हेलपाटा झाला, माफ करा, आता अकरा ते आठ.

काही दिवसांनी ती बाई आली. भर दुपारी, आणि चेहरा अजून कडक. मामाने काटा तिच्याकडे फिरवला, मग बांगडी कसोटीला लावली. बावीस कॅरेट म्हणून घेतलेली बांगडी तेवढी भरेना. मामाने होता तो आकडा सांगितला. बाईचा चेहरा पडला. भाचा मामाच्या कानाशी आला, “मामा, थोडं वाढवून सांगा, नाहीतर परत एक तारा.”

“देऊ दे,” मामा म्हणाला.

तिने दिले तीन. खाली लिहिलं: भाव कमी सांगितला, पण वजन माझ्यासमोर केलं. भाचा दोन दिवस नाराज होता. तिसऱ्या दिवशी गार्डन रीचहून एक म्हातारा नातवाला घेऊन आला, खिशातून पुडी काढली आणि काउंटरवर ठेवण्याआधी विचारलं, “वजन समोर करता ना?”