तोडलेले झाड पुन्हा का फुटते?



दिल्लीतील आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतींपासून थोड्याच अंतरावर, वसंत विहारला लागून, अरवली जैवविविधता उद्यान आहे. सुमारे ६९२ एकरांचे. फिरायला जाणाऱ्यांना तेथे मोकळी हवा मिळते, साधकाला मात्र एक मोठा धडा मिळतो.

एकेकाळी येथे दगड-मुरुमाच्या खाणी होत्या. खाणकाम थांबल्यावर मागे उरले खड्डे आणि विलायती कीकर. आपल्याकडे याच झाडाला वेडी बाभूळ म्हणतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. दिल्लीतल्या अरवलीच्या उघड्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून इंग्रजांनी ते लावले. टेकड्या हिरव्या झाल्या खऱ्या, पण या झाडाच्या दाट सावलीत दुसरे काही नीट वाढेना. पळस, खैर, सालई, धाव ही अरवलीची स्वतःची झाडे मागे पडली.

मग वेडी बाभूळ तोडून टाकायची का? येथेच खरी अडचण आहे. ती तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते, एका खोडाच्या जागी अनेक फांद्या येतात. म्हणून दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. झाड उभेच ठेवले, फक्त खालच्या फांद्या छाटल्या. जमिनीवर ऊन पोहोचले. तेथे देशी रोपे लावली, जपली. वर्षे गेली. देशी झाडे उंच झाली आणि त्यांच्या सावलीत ऊन न मिळाल्याने कीकर आपोआप क्षीण होत गेला.

आता आपल्या मनाकडे पाहू या. आपण संकल्प करतो, "उद्यापासून रागावणार नाही." दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी मुलावर किंवा सुनेवर राग निघतो, तोही पूर्वीपेक्षा जास्त. मग वाटते, साधना आपल्याला जमणारी नाही. कितीतरी जण याच ठिकाणी साधना सोडतात. दोष त्यांच्या श्रद्धेत नसतो. त्यांनी झाड तोडले, पण त्याच्या जागी काही लावले नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो की, मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. ते दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य म्हणजे खालच्या फांद्या छाटणे: वाद वाढत असेल तर उत्तर न देता उठून जाणे, रात्री मोबाईल दूर ठेवणे. त्यामुळे आत थोडा प्रकाश येतो. अभ्यास म्हणजे त्या प्रकाशात रोज एक रोप जपणे: पहाटेचे नामस्मरण, घरातल्या माणसाशी एक गोड शब्द, निरपेक्ष सेवेचे एखादे काम.

आणि रोप देशी असावे. प्रेम, क्षमा, शांती बाहेरून आणावी लागत नाही. ही आपल्याच मातीतली झाडे आहेत. त्यांना फक्त ऊन हवे आणि वेळ हवा.

या आठवड्यात एवढेच करू या. एक फांदी छाटू या, एक रोप लावू या. शक्य असेल तर अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात आपल्या भागातले एखादे खरे रोपही लावू या. त्याला रोज पाणी घालताना आठवेल की आतल्या रोपालाही पाणी घालायचे आहे.